अवतरणचिन्हांतला शोध

शहरातल्या सगळ्या रुग्णालयांच्या नोंदी एका ठिकाणी शोधता येतात, ती यंत्रणा माझी. मीच बांधलीय. 'भाजला' टाका, 'भाजलेला' टाका, 'भाजल्याचा' टाका. शोध शब्दाच्या मुळाशी जातो आणि सगळ्या नोंदी पुढ्यात ओततो. त्यात भलतंसलतंही येतं. म्हणून मी जो भेटेल त्याला बजावायचे, "नेमकं हवं असेल तर अवतरणचिन्हांत टाका. जसंच्या तसं तेवढंच येईल." नोंदणीतल्या हळूकाकांना तर इतक्यांदा सांगितलं, की ते मला बघूनच हात जोडायचे. एका बोटाने टाइप करणारा माणूस, त्यांच्यापुढे मी केवढं शहाणपण पाजळलं!

मंगळवारी बाबा घरातून निघून गेले. त्यांना विसर पडायला लागला होता. नाव विचारलं तर नुसते हसायचे. आई चपला घालून दारात उभी. "मी एकेक दवाखाना पालथा घालते."

"वेडी आहेस का आई? पायपीट कशाला? मला बसल्या जागी कळतं."

आणि बसल्या जागी मी टाकलं, अवतरणचिन्हांत: "डाव्या हातावर भाजल्याचा डाग". बाबांची याहून पक्की खूण कुठली? उत्तर शून्य. रोज सकाळ-संध्याकाळ तेच टाकलं, तसंच टाकलं. शून्य. आईला छातीठोकपणे सांगितलं, कुठल्याच दवाखान्यात नाहीत. पोलिसांनाही सांगितलं, तेव्हा ते बसस्थानकं आणि बागा धुंडाळायला लागले.

शनिवारी दुपारी हळूकाका माझ्या टेबलाशी आले. "पोरी, मी एकदा बघू?"

"बघा. काय दिवे लावायचेत ते लावा," मी खेकसले.

त्यांनी अवतरणचिन्हं पुसली. 'हात भाजला' एवढंच टाकलं. एकशे बारा नोंदी आल्या. ते बोट ठेवून एकेक वाचत गेले आणि त्रेचाळिसाव्या नोंदीवर थांबले. 'अनोळखी वृद्ध. डावा हात पूर्वी भाजलेला.' मंगळवारी दाखल. खाली लिहिलं होतं, आज सकाळी सात वाजता मृत्यू.

नर्स माझे शब्द जसेच्या तसे कशाला लिहील? एवढी साधी गोष्ट! मूळ शोधायची सोय मीच केली आणि बाबांच्या वेळी मीच ती बंद करून बसले. माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती, देव जाणे. हळूकाकांनी मला चार शब्द सुनवायला हवे होते.

वॉर्डात आईने बाबांचे कागद माझ्या हातात दिले, तिचा चष्मा घरी राहिला होता. मी वाचत गेले. ताप. सलाइन. जेवण नाही. गुरुवारच्या रकान्यात नर्सने लिहिलं होतं, 'नाव सांगत नाही. घरचं कोणी आहे का विचारलं, तर म्हणतो, मुलगी येईल, शोधणं हेच तिचं काम आहे.'

मी ते मोठ्याने वाचलं. लपवायची हिंमत झाली नाही.

आई म्हणाली, "परत वाच."