छातीवरचा सिंह

टोकियोतल्या निशी-कसाई भागातल्या त्या लहानशा सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. अकरा मार्चच्या भूकंपाला महिना उलटला होता, धक्के अजून थांबले नव्हते. भविष्य सांगणाऱ्या चंद्रशेखरांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये छापलेलं पंचांग उघडलं. मार्च, तारीख अकरा: ‘पूर्वेकडे भूमी कापेल.’

“अगं बाई!” बायका ओरडल्या.

“ही बुवाबाजी नाही हो! छापील इंग्रजी आहे!” चंद्रशेखर म्हणाले.

हेच लक्ष्मीकांतांना भिडलं. एरवी अंगारा देणाऱ्याला दारात उभं न करणारा हा निवृत्त बँक अधिकारी. लेक जयमाला शेजारी बसली होती; त्यांनी हात वर केला. “बुधवारी माझं हृदयाचं ऑपरेशन आहे.”

चंद्रशेखरांनी पान उलटलं. उघड्या माणसाचं चित्र; अवयवाअवयवावर राशी, छातीवर सिंह. “बुधवारी चंद्र सिंहेत. हृदयाला लोखंड लावायचं नाही. पंधरा दिवस थांबा.”

घरी जयमालानं परोपरीनं विनवलं. “बाबा, डॉक्टर थांबू नका म्हणालेत.”

“पंधरा दिवसांत काय आभाळ कोसळतंय?”

त्यांना जपानी येत नव्हतं. तारीख बदलायचा फोन तिलाच करावा लागला. नवव्या दिवशी बाबा गेले.

महिन्यानं ती पुन्हा त्या सभागृहात गेली. लीलावतीकाकू यजमानांच्या बायपाससाठी दिवस विचारत होत्या. जयमालानं ते पंचांग उचललं आणि एप्रिल काढला. ‘भूमी कापेल.’ जून: ‘समुद्र खवळेल.’ ऑक्टोबरात पुन्हा भूमी.

“हे फक्त मार्च दाखवतात,” ती म्हणाली. “आणि साल बघा, सोळाशे साठ. वर्ष सरलं की याची रद्दी. काकू, गेल्या वर्षीच्या पंचांगावरून संकष्टीचा चंद्रोदय बघता?”

“छे! चुकेल ना!”

“यंदाच्या पंचांगात बघितलं, बाबांच्या ऑपरेशनच्या बुधवारी चंद्र वृश्चिकेत होता. सिंहेत असता, तरी सर्जनच्या सुरीला त्याचं काय?”

“मुली, तू दुःखात आहेस,” म्हणत चंद्रशेखरांनी पंचांग हळूच काढून घेतलं. काही जण खाली मान घालून निघाले. काही तिच्याकडेच रागानं बघत राहिले.

दारात बूट घालताना काकूंनी तिला गाठलं. “पटलं गं तुझं. पण मग ऑपरेशनला दिवस कोणता चांगला?”

“डॉक्टरांनी दिलेला, काकू.”

काकूंनी मान डोलावली आणि एकदा मागे वळून सभागृहाकडे पाहिलं.

तेव्हा एवढंच सांगणं: कुणी एक पान दाखवलं, तर उरलेली अकरा मागा. तिथल्या तिथे मागा. जयमालाला ती मागायचं सुचलं, तोवर फोन करून झाला होता.