उशीपासून मोजलेली खिडकी

जुन्या दगडी कोठाराचं आता राहतं घर झालं होतं. फरशीखालून पाइप गेले, वर काचेचं छप्पर आलं. पाडायची राहिली होती फक्त रस्त्याकडची खिडकी, आणि ताईचा सगळा जीव तिच्यातच अडकला होता. अर्धांगवायू झाल्यापासून बाबा दोन वर्षं छताकडे बघत पडून होते. पुढच्या महिन्यात ते इथे येणार होते, आणि पलंगावरून त्यांना रस्ता दिसायलाच हवा होता. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या ताईने त्यांच्या उशीच्या जागेवरून कोन काढून भिंतीवर पेन्सिलीने चौकोन आखला होता.

गवंड्याला सगळे ठोकेमामा म्हणत. चौकोन छान आहे म्हणाले, आणि तीन दिवस त्यांनी छिन्नीला हात लावला नाही. हातोडीने एकेक दगड ठोकायचे, कान द्यायचे, मधूनच खडूने फुली मारायचे. मामा नाडी बघतायत, औषध कधी देणार, असं ताईचा नवरा विचारायचा.

चौथ्या दिवशी त्यांनी ताईला बोलावलं.

"ताई, ही एक भिंत नाही, दोन आहेत. मधे नुसता भराव. फुलीचे दगड आरपार जाऊन दोघींना धरून बसलेत. तुमच्या चौकोनात तसले दोन येतायत."

ताईने स्वतः ठोकून पाहिलं. फुलीचा दगड खणखणला, शेजारचा बद्द वाजला. तिने भिंत एकसंध धरली होती. विद्यार्थ्याने असं न तपासता धरलं असतं, तर तिने त्याचे अर्धे गुण कापले असते.

खिडकी दीड हात सरकवावी लागणार होती. पण भिंत दोन फूट जाड; उशीवरून रस्त्याऐवजी भिंतीची जाडीच दिसली असती. पलंग हलवला, तर न्हाणीघराच्या दारात चाकाची खुर्ची वळली नसती.

मामा उशीच्या जागी पोतं टाकून उताणे झाले, मान वळवली आणि पडून राहिले. चहा तिथेच आणू का, असं नवऱ्याने विचारलं, तर त्यांनी त्याच्याच हातात काठी देऊन त्याला भिंतीशी उभं केलं. जरा इकडे, जरा तिकडे करत ती तिरकी धरायला लावली.

"पलंगाकडची बाजू सरळ कशाला कापायची? आतून अशी तिरकी कापू. फुलीच्या चार बोटं अलीकडे थांबतो."

ताईने तिथेच बसून हिशेब केला. बत्तीस अंश हवे होते. काठीचा कोन मोजला, तर छत्तीस भरले.

"मामा, चार जास्त झाले."

"असू देत. माणूस उशीवरून घसरतो."

ताईने वहीतले बत्तीस खोडून छत्तीस लिहिले.

बाबांना आणलं त्या दिवशी मामा आपणहून आले आणि दारातच उभे राहिले. बाबांनी मान वळवली. मग बाबा शब्द जुळवत म्हणाले, "त्या... सायकलीत... हवा कमी आहे."

ताईने चष्मा सावरून पाहिलं. रस्त्यापलीकडे एक सायकल टेकवून ठेवली होती. तिचं मागचं चाक खरंच बसलं होतं.