टाकीमागचा वाफा

"आजी, पाणी नका घालू आता त्याला," ठेकेदार म्हणाला. "परवा उपटायचंच आहे सगळं. उगाच चिखल होईल, माझी माणसं घसरतील."

म्हातारी झारी हातात धरून तशीच उभी राहिली. चर्चच्या मागच्या फाटकापासून मारलेली फक्कीची पांढरी रेघ अंगणातून सरळ आली होती आणि टाकीला वळसा घालून तिच्या वाफ्याच्या मधोमधून पलीकडे गेली होती. शेवंतीच्या पानांवर भुकटी बसली होती.

"इथवर येणार फरशी?" तिने विचारलं.

"कुंपणापर्यंत. भिंत ते भिंत. नाताळला बिशप येतायत, माहीत आहे ना? इथं स्टेज, तिथं गव्हाणी, त्या अंगाला गाड्या."

तेवढ्यात सुधारणा समितीचे अध्यक्ष आले. बँकेतली मोठी नोकरी करून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्यापासून चर्चच्या आवाराला बँकेची शाखा समजून चालवणारे. काखेत नकाशाची गुंडाळी होती.

"काय फुलआजी, खूश ना? चिखल तुडवत यायचे दिवस संपले आता!"

"साहेब, टाकीमागची एवढी पट्टी सोडता येईल का?"

"कशाला?"

"वेदीवर इथलीच फुलं जातात."

"अहो, आता वेदीवर तयार फुलं आणायची ठरलीत. इतकी हुबेहूब, की हात लावल्याशिवाय कळत नाही. ना पाणी, ना खत. तुमची कंबरही सुटेल." स्वतःच्या बोलण्यावर ते खूश होऊन हसले. "फारच हौस असेल तर दोन कुंड्या देऊ कोपऱ्यात. काय ठेकेदार?"

"चार देऊ की!"

दोघंही वाईट माणसं नव्हती. झारीतलं उरलेलं पाणी म्हातारीने वाफ्यातच ओतलं आणि ती घराकडे वळली.

त्या वाफ्यात तिचा मुलगा होता.

पहिलटकरणीचं बाळंतपण घरातच झालं होतं. मूल निळसर निघालं, रडण्याऐवजी कण्हल्यासारखा आवाज करू लागलं. सुईण म्हणाली, याचं काही खरं नाही. सासू तशीच अनवाणी फादरला आणायला धावली. फादर शेजारच्या गावी मिस्सेच्या उपासनेला गेले होते. त्यांची वाट पाहत सासू चर्चच्या पायरीवर बसून राहिली, आणि इकडे मूल गेलं. अशा वेळी कुणीही पाणी घालून बाप्तिस्मा दिला तरी चालतो, हे सासूला ठाऊक होतं, सुईणीला ठाऊक होतं. लहानपणापासून सगळ्यांनीच ते पाठ केलं होतं. उशाशी पाण्याचा तांब्या भरलेला होता. पण फादर येणार असताना आपण कसा हात लावायचा, या संकोचात कुणाचाच हात त्या तांब्याकडे गेला नाही.

बाप्तिस्मा नाही म्हणून दफनभूमीत जागा नाही, आणि नावही नाही. तिन्हीसांजेला पुरुषांनी त्याला चर्चच्या मागच्या भिंतीबाहेर नेलं. तसली मुलं तिकडेच पुरत. मागाहून बाळंतीण उठून हिंडू लागली, तेव्हा नवऱ्याने बोट दाखवलं, तिथं. पुढे चर्चचा पसारा वाढला, भिंत पलीकडे सरकली, ती सगळी मोकळी जमीन आवारात आली. टाकी आली, हॉल आला. तोवर तिने तिथे शेवंती लावली होती. दर शनिवारी फुलं खुडून ती वेदीवर नेऊन ठेवी. लोक म्हणत, काय भक्ती आहे बाईची! ती हूं की चूं करत नसे. ज्याला या दारातून आत घेतलं नव्हतं, त्याच्या अंगावर वाढलेलं काहीतरी ती दर आठवड्याला थेट वेदीपर्यंत नेत होती. मिस्सा चालू असताना ती फुलांकडेच बघत बसायची.

पुढे दोन मुली झाल्या, वाजतगाजत बाप्तिस्मे झाले, लग्नं होऊन त्या आपापल्या संसाराला लागल्या. त्यांनाही हे माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिस्सा सुटल्यावर ती फादरांच्या खोलीत गेली. फादर तरुण होते, तिच्या नातवाच्या वयाचे म्हटलं तरी चाललं असतं. तिने सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच सांगत असल्यामुळे मागचं पुढे आणि पुढचं मागे होत होतं.

फादर हळूच म्हणाले, "आजी, तुमचं बाळ देवाजवळच आहे. चर्च आता तसं मानत नाही. अशा मुलांना देवाची दया मिळते अशी आपली आशा आहे. आता आम्ही त्यांना दफनभूमीतच पुरतो, प्रार्थनाही करतो."

"आता म्हणजे कधीपासून, फादर?"

"झाली बरीच वर्षं."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

फादर टेबलावरचं पेन सरळ करू लागले.

"मी इथंच होते की," ती म्हणाली. "दर शनिवारी. फुलं घेऊन."

"चूक झाली, आजी," फादर म्हणाले. त्यांनी केलेली चूक नव्हती, तरी म्हणाले. "आपण असं करू. मेस्त्रींना, तुमच्या यजमानांना, घेऊन या. त्यांनी नेमकी जागा दाखवली की तेवढी आपण मोकळी ठेवू. छोटा क्रूस लावू. अध्यक्षांना मी समजावतो."

ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा बघून नवरा म्हणाला, "काय गं, लॉटरी लागली का?"

नवरा गवंडी. आता गुडघे गेल्यामुळे घरीच असायचा, पण चर्चचा हॉल, टाकीचा कट्टा, फाटकाचे खांब, सगळं त्याच्याच हातचं. सगळा गाव त्याला मेस्त्रीच म्हणे.

"उठा अहो. फादर जागा सोडतायत. तुम्ही फक्त चला आणि दाखवा."

"कसली जागा?"

"कसली म्हणजे? आपल्या त्याची."

मेस्त्रीने कप खाली ठेवला. "तू फादरांना सांगितलंस?"

"सांगितलं. चला."

"गुडघा दुखतोय. उद्या बघू."

"उद्या उपटतील सगळं."

"मग उपटू दे ना! म्हातारपणी कशाला ते उकरून काढतेस? लोक हसतील."

"हसू देत. तुमच्या हातात मी दिलं होतं त्याला. तुम्ही ठेवलात. एवढं बोट दाखवायला काय जातं तुमचं?"

मेस्त्रीने मान भिंतीकडे वळवली. भिंतीचा गिलावा त्यानेच केला होता. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"मी गेलोच नाही," तो म्हणाला.

"कुठं?"

"पलीकडे. भिंतीपर्यंत गेलो. पुढं पायच उचलेना. बाबा म्हणाले, आण इकडे, तू थांब. त्यांनी घेतला माझ्याकडून. मी तिथंच बसलो तोंड फिरवून. ते परत आले, हात धुतले, आम्ही घरी आलो. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. वर्षाच्या आत तेही गेले."

"मग मला दाखवलंत ते?"

"तू जेवत नव्हतीस. सारखी विचारायचीस, कुठं, कुठं. काहीतरी दाखवायलाच हवं होतं. दाखवलं."

ती खाली बसली.

"आणि इतकी वर्षं..."

"दुसऱ्याच दिवशी तू रोपं घेऊन गेलीस. मग कुठल्या तोंडानं सांगणार होतो?" त्याचा आवाज चढला, मग फाटला. "हॉलचा पाया खणला ना, तेव्हा एक घमेलं मी दुसऱ्याला उचलू दिलं नाही. प्रत्येक घमेल्यातली माती चिवडून बघायचो. मजूर म्हणायचे, मेस्त्री काय सोनं शोधताय."

"मिळालं काही?"

"माती."

रात्री तिने त्याला वाढलं, पण ताट हातात न देता समोर सरकवलं.

सकाळी ती फादरांकडे गेली आणि दारातूनच म्हणाली, "घाला फरशी."

"मेस्त्री आले नाहीत? जागा?"

"जागा नाही."

फादरांना वाटलं, नवऱ्याने अडवलं असेल. ते म्हणाले, "मग आपण सगळ्याच मुलांसाठी एक पाटी लावू या. अध्यक्ष म्हणत होते, देणगीदार मिळेल."

"कुणाचं नाव मोठं लिहाल तिच्यावर?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ती निघाली. जाताना वाफ्याकडे तिने बघितलंही नाही. ठेकेदाराच्या माणसाने मुळासकट उपटलेली शेवंती ढिगावर पडली होती, फुलं अजून ताजी होती.

नाताळच्या सकाळी आवार ओळखू येत नव्हतं. तांबड्या-करड्या फरशीचे ठोकळे नक्षीत बसवले होते, दिव्यांच्या माळा, कागदी चांदण्या, टाकीला रंग. जिथे शेवंती होती तिथे गव्हाणी मांडली होती, आणि तिच्यापुढे पोरं गर्दी करून आतल्या बाळाच्या मूर्तीचे फोटो काढत होती. नवे बूट, नव्या टाचा फरशीवर टकटक वाजत होत्या. स्टेजवर बिशपांच्या शेजारी उभे राहून अध्यक्ष माइकवरून सगळ्यांना जागा दाखवत होते.

म्हातारी फाटकातून आत आली आणि थांबली. समोर जुन्या भिंतीची ओळ होती. आता ती फक्त तिलाच दिसत होती. इथवर नवरा आला होता. इथून पुढे सासरे एकटे गेले. डावीकडे गेले, उजवीकडे गेले, सरळ गेले, कुणास ठाऊक. पाऊल टाकायचं तर कुठे टाकायचं?

मागची माणसं खोळंबली. "चला ना आजी!"

ती वाकली. एक चप्पल काढली, मग दुसरी. दोन्ही हातात घेतल्या आणि तिने पाय फरशीवर ठेवला. फरशी गार होती.

"बघा, बघा!" माइकवरून अध्यक्षांचा आवाज आला. "ह्याला म्हणतात आपलेपणा! फरशी मळू नये म्हणून फुलआजींनी चपला काढल्या! तरुणांनो, शिका काहीतरी. वाजवा टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. बिशपांनीही वाजवल्या. एक बाई कौतुकाने म्हणाली, "खरंच फरशीसाठी काढल्या का हो?"

"हो," ती म्हणाली, आणि पुढे चालू लागली. पाण्यात उतरावं तसं एकेक पाऊल जपून टाकत.

मागे फाटकाच्या खांबाशी मेस्त्री कसाबसा खाली टेकला होता. गुडघा वाकत नव्हता आणि बुटाच्या नाडीपर्यंत हात पोचत नव्हता. येणारे-जाणारे त्याला वळसा घालून आत जात होते.