वाऱ्याचा दोर

मी दोर बोलतोय. बोकडाच्या केसांचा, अंगठ्याएवढा जाड. सोन-कुल तळ्याकाठच्या कुरणावर नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, प्रत्येक गोल घरात माझ्यासारखा एक असतोच. छताच्या मधोमध जे लाकडी कडं असतं, त्याला आम्ही लटकतो. वारा उठला की आमच्या खालच्या टोकाला वजन बांधतात, म्हणजे घर जमीन धरून राहतं.

मला वळलं या घरच्या म्हाताऱ्या मालकीणबाईंनी, बुरमाकान आपांनी. त्यांच्या डोक्यावर लोंबत मी माणसांची लचांडं पाहिली आणि दरवेळी थक्क झालो. नमदा फाटला की आपा सुई घ्यायच्या. शिंगरू आजारी पडलं की पलीकडच्या जाणकार म्हाताऱ्याला बोलावणं धाडायच्या. दोन शेजारी चराईवरून भांडले, तेव्हा मात्र दोघांना एका ताटात मटण वाढलं आणि पोटभर भांडू दिलं. ताट संपेस्तोवर भांडणही उतरलं होतं.

"आधी बघावं, लचांड कसलं आहे," त्या म्हणायच्या, "मग हात घालावा."

मग नातू झाला. त्याच्या जन्माच्या मेजवानीसाठी आपांनी मला आठवडाभर खपून रंगीत गोंडे लावले. पाहुण्यांच्या डोक्याला लागू नये म्हणून वर कड्याशी गुंडाळून घट्ट बांधलं. सगळ्यांनी वाहवा केली. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू!

बाळाच्या बाविसाव्या दिवशी, भर दुपारी गारांचं वादळ आलं. आपांचा मुलगा केल्दिबेक मेंढ्या घेऊन डोंगरावर. घरात आपा, सून तुर्सुनाई आणि पाळण्यातलं बाळ. आमच्यात चाळीस दिवस बाळाला बाहेर काढत नाहीत, आणि त्या गारांत काढणार तरी कुठे? घराची एक बाजू उचलली जाऊ लागली.

तुर्सुनाई पेटीवर चढली. "आपा, गाठ सुटत नाही हो!"

"सुटेल कशी? माझी हौस नडली बाई! सोडवत बसू नकोस, काप!"

"पण तुमचे गोंडे..."

"खड्ड्यात गेले गोंडे! काप म्हणते ना!"

मेंढ्यांची लोकर कातरायची कात्री चालली. गोंडे भुईवर पडले, मी खाली आलो. पिठाचं पोतं बांधलं, तर तेही हलायला लागलं. तेव्हा आपांनी मला स्वतःच्या कमरेला गुंडाळलं आणि त्या पोत्यावर फतकल मारून बसल्या.

सून लटलट कापत होती. या भीतीला आता काय बांधणार, मला कळेना. आपांनी नुसता तिचा हात धरला.

"जाडी म्हणून हसता ना गं मला? आता बघ, घर कोणी धरलंय ते!"

तुर्सुनाई रडता रडता हसली. मला ते हसू वादळापेक्षा मोठं वाटलं.

तासाभराने वारा पडला. केल्दिबेक धापा टाकत आला आणि आईला सोडवायला वाकला.

"हळू रे," आपा कुजबुजल्या, "बाळ झोपलंय."

त्याच हिवाळ्यात आपा गेल्या.

आता उन्हाळा आलाय, थंडीत मोडून ठेवलेलं घर कुरणावर पुन्हा उभं राहिलंय. माझ्या टोकाला त्यांच्या कमरेचा बाक पडलाय, तो जात नाही. परवा केल्दिबेक मला भिजवून, दगड लटकवून सरळ करायला निघाला होता. तुर्सुनाईने दगड काढून घेतला.

"राहू द्या," ती म्हणाली. "यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही."

माझंही तुम्हा माणसांकडे एवढंच मागणं आहे. हा बाक राहू द्या.