न विचारलेल्या सवालाचा जवाब

आत्माराम शाहिराची गाणी त्याची बायको रचत होती, आणि हे जगात त्या दोघांनाच ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी शाहिराला सुचायचं आटलं. तेव्हापासून दमयंती पीठ भिजवता भिजवता ओळी जुळवायची, तो पाठ करायचा आणि आपल्या म्हणून गायचा. नवऱ्याचा मान तोच आपला मान, असं समजणाऱ्या बायका अजून आहेत. त्यांचं भलं झालेलं कुणी पाहिलेलं नाही.

यंदा खेडला जगबुडीच्या काठी नदी महोत्सव भरला. मगरी दाखवायला होडी, खायला तिसऱ्यांचं सुकं आणि उकडीचे मोदक, आणि शेवटच्या संध्याकाळी शक्ती-तुऱ्याचा सामना. म्हणजे जाखडी नाचणारे दोन फड समोरासमोर उभे राहणार, एका शाहिरानं पुराणातला सवाल घालायचा, दुसऱ्यानं उभ्या उभ्या गाण्यातून जवाब द्यायचा. हरेल त्याचा डफ जिंकणाऱ्यानं काढून घ्यायचा, हा जुना रिवाज आयोजकांनी पर्यटकांच्या करमणुकीसाठी उकरून काढला होता. आत्मारामचा डफ त्याच्या बापाचा. त्यावर हात ठेवल्याशिवाय तो झोपत नसे.

समोर शक्तीवाल्यांचा विनीत. सात वर्षं हा आत्मारामच्याच घरी शिकला, दमयंतीच्या हातचं जेवला आणि पंख फुटल्यावर समोरच्या फडात गेला. दमयंतीला वाटलं, खाल्ल्या मिठाला जागेल. आदल्या दिवशी ती डब्यात घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार घेऊन त्याच्याकडे गेली.

"विनू, त्यांना हल्ली काय सुचत नाय रे," ती म्हणाली. "मीच लिवते. उद्या कुठला सवाल घालनार तेवढा सांग. म्हाताऱ्याचा डफ नको घालवूस."

विनीत जेवता जेवता थांबला. मग हसला. "तू लिवतेस? वा गो काकी! बरं, द्रौपदीच्या थाळीचा घालतो. थाळीत काय उरलं होतं नि कुनी खाल्लं. लिव बिनघोर."

बाई आनंदानं घरी आली आणि तिनं आयुष्यातलं सर्वांत चांगलं गाणं लिहिलं.

संध्याकाळी मंचाला लागूनच तिचा घावण्यांचा स्टॉल होता. माणसं रांगेत, तवा तापलेला. विनीतनं डफावर थाप मारली आणि सवाल घातला: विराटाच्या मुदपाकखान्यात भीम आचारी झाला, तेव्हा भाऊ त्याला आपसात कुठल्या चोरट्या नावानं हाक मारीत?

दमयंतीच्या हातातली पळी थांबली.

आत्मारामनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा गर्दीकडे. मग घाबरलेला माणूस जे हाताशी असेल तेच पुढे करतो, तसं त्यानं केलं. द्रौपदीच्या थाळीचं गाणं सुरू केलं. आणि गायला काय सुंदर! थाळीला चिकटलेलं भाजीचं पान कृष्णानं तोंडात टाकलं तिथे तर ढोलकीवाला रघूसुद्धा क्षणभर विसरला की हा जवाब भलत्याच सवालाचा आहे.

विनीतनं मध्ये तोडलं नाही. शेवटच्या कडव्यापर्यंत हात बांधून ऐकत राहिला. मग माइक हातात घेतला.

"बुवा, गानं झकास. पन हा सवाल मी अजून घातलाच नाय! जवाब कुनी पाठ करून दिला तुमाला?"

काठ हसण्यानं दणाणला. मुंबईची पोरं मोबाइल उंच धरून उभी राहिली.

भीमाचं ते नाव जयंत. बापाच्या मांडीवर बसून ऐकलेल्या पोथीतलं, दमयंतीला पक्कं ठाऊक होतं. एवढं ओरडली असती तर डफ वाचला असता. पण नवरा बायकोच्या जिवावर शाहीर म्हणून मिरवतो, हे अख्ख्या तालुक्याला कळलं असतं. तिनं तव्यावरचं घावन उलटलं. विनीतनं आत्मारामच्या गळ्यातून डफ काढला, तेव्हा तिला मान वर करवली नाही.

थोड्या वेळानं विनीतच स्टॉलवर आला, डफ काखोटीला.

"काकी, आता माज्यासाठी लिव. भीमाचं नाव तुला येत होतं, खरं ना?"

"येत होतं," ती म्हणाली. "चालता हो हितून."

तिच्या मागे आत्माराम उभा होता. तो कधी आला ते तिला कळलंच नव्हतं.

"येत होतं?" त्यानं विचारलं. "नि तू गप बसलीस?"

"अवो, तुमची लाज राखायला..."

"लाज?" म्हाताऱ्याचा आवाज मंचावर चढायचा तसा चढला. तो रांगेकडे वळला. "ऐका रे! माज्या बापाचा डफ हिनं घालवला! जवाब येत होता हिला, नि ही हितं उभी राहून घावणे भाजीत होती!"

मघाशी त्याला हसलेली माणसं आता तिच्याकडे बघू लागली. कुणीतरी "काय तरी बाई!" म्हणालं. दमयंतीनं विनीतकडे पाहिलं. खरं काय ते सांगू शकेल असा तोच एक होता. त्यानं तिच्यासमोरचं घावन उचललं, घडी घातली आणि खात खात निघून गेला.