पहिलं पान

केसरने ओसरीवर पहिलं पान मांडलं आणि दत्तात्रेयने ते उचलून परत तिच्या हातात दिलं.

“हाक झाल्याबिगर न्हाय,” तो म्हणाला.

“मांडल्यानं काय बिघडतंय? विनेश येतोय.”

“आला की मांड.”

पुढे बोलायची सोय नव्हती. दत्तात्रेय भरडवाडीचा पाटील, आणि नारळी पुनवेच्या दिवशी तर तो बायकोचा नवरा उरतच नसे, नुसता पाटील असे. केसरने पान पुसल्यासारखं केलं, भिंतीशी उभं करून ठेवलं आणि ती वालाच्या बिरड्याकडे वळली.

किनाऱ्यावरच्या चार गावांची हाक होती. भरडवाडी, पाणवड, शेंदरी आणि आडबंदर. बाहेरच्या मोठ्या बोटी दिवे पेटवून येतात, जाळी फाडून जातात, विचारायला गेलं तर अंगावर बोट घालतात. तेव्हा एका गावाने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी हातातलं टाकून होड्या लोटायच्या. एकावर आलं ते चौघांवर आलं. हाक जिवंत आहे हे कळावं म्हणून दर नारळी पुनवेला भरडवाडीचा पाटील पाण्यात उभा राहून एकेका गावाचं नाव घेई, त्या गावाचा माणूस ‘ओ’ देई, आणि मग चौघे पाटलाच्या ओसरीवर जेवायला बसत. चारच पानं, पाचवं मांडायचं नाही अशी रीत. पहिलं पाणवडचं, कारण आजे-पणज्यांच्या काळात पहिल्यांदा संकट आलं तेव्हा पाणवडच्या होड्या सगळ्यांच्या आधी आल्या होत्या.

त्या पहिल्या पानावर केसरचा बाप बसायचा. खाडीपलीकडे, समोरच तर होतं पाणवड! पण खाडीचं तोंड गाळाने भरत गेलं, बोटी निघेनाशा झाल्या, मग विकल्या गेल्या, आणि बोटींमागोमाग माणसंही गेली. कुणी उरणला, कुणी पनवेलला. बाप गेल्यावर भाऊ विनेश दरसाल यायचा, ‘ओ’ देऊन जेवून जायचा. गेल्या वर्षी आला तो परतीच्या गाडीचं वेळापत्रक बघत जेवला.

आणि आता हर्षद होता. खाजणीचा हर्षद. खाजणीला नवी जेटी झाली, बोटी बंदरात मावेनात. मागल्या हंगामात भरडवाडीची जाळी फाटली तेव्हा हाकेत नसूनही खाजणीवाले धावून आले होते. खोटं कशाला बोला, सगळ्यांच्या आधी आले होते. म्हणून त्याने बैठकीत तोंडावर विचारलं होतं, “ज्या गावाला एक होडी न्हाय, ते पहिल्या पानावर, आणि आम्ही अंगणात उभं राहून सरबत प्यायचं?” शेवटी ठरलं, की पाणवडला तीन हाका द्यायच्या. तिसरीलाही ओ आली नाही, तर पाणवड हाकेतून बाहेर आणि खाजणी आत.

हा ठराव दत्तात्रेयने स्वतःच्या तोंडाने वाचला होता. त्या दिवसापासून केसर त्याला वाढत होती, पण ‘अजून घ्या’ म्हणत नव्हती.

सून शिवानी फोन घेऊन आत आली.

“आत्या, मामांचा हाय.”

केसरने हात पदराला पुसले. “कुठवर आलास रे? म्हसळ्याला उतरलास काय?”

“ताई, सुट्टी न्हाय मिळाली गं. लय बोललो सायबाशी. पुढच्या वर्षी नक्की.”

“पुढच्या वर्षी हाक नसंल, विनेश.”

“नसंना. तिथं हाय कोण आता, ताई?”

तिने फोन शिवानीच्या हातात दिला. “मी हाय,” असं ती म्हणाली, पण ते चुलीकडे तोंड करून. खरंच, ती होती. लग्न होऊन नातवंडं झाली तरी दिवेलागणीला तिची मान खाडीकडे वळायचीच. पूर्वी पलीकडे दिवे दिसायचे, त्यातला आपल्या घरचा कुठला ते ती बोट दाखवून सांगायची. आता तिकडे काळोख असायचा, तरी बोट त्याच जागी जायचं. माहेरची ओढ म्हणतात ती माणसांची असते असं तिला वाटायचं. माणसं गेली, घराला कुलूप लागलं, आणि ओढ मेली काही कमी झाली नाही.

किनाऱ्यावर गाव लोटलं होतं. दत्तात्रेय गुडघाभर पाण्यात, हातात सोनेरी कागद लावलेला नारळ. बायका वाळूवर उभ्या, त्यांत केसर. तिने विनेशचं नवऱ्याला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी कसं? आपल्याच तोंडाने कबूल करायचं, की आमच्याकडून कुणी येत नाही?

“पाणवड होऽऽ!”

खाडीवरून वारा आला. त्याशिवाय काही आलं नाही.

“पाणवड होऽऽ!”

हर्षद मान खाली घालून उभा होता. शेंदरीचे म्हातारे बाबाजी कानामागे हात धरून पलीकडे बघत होते, जणू दोष त्यांच्या कानांचा होता. बाप असता तर पहिल्या हाकेलाच त्याची ओ अख्ख्या किनाऱ्यावर फिरली असती.

दत्तात्रेयने एकदा वळून बायकांकडे पाहिलं. मग त्याने शेंदरीला हाक दिली. ओ आली. आडबंदरला दिली. ओ आली. आणि त्याने नारळ पाण्यात सोडला.

“पाटील,” हर्षद पुढे झाला, “पाणवडची तिसरी राहिली.”

“घसा बसला,” दत्तात्रेय म्हणाला. “घरी चला, पाणी पिऊन देतो.”

लोकांत कुजबुज झाली. पाटलाचा घसा बसल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. त्याच्या आवाजापुढे, बायका म्हणत, भोंगा मेला फिका पडेल.

केसर पुढे पळतच घरी आली. तिला वाटलं, एकदाचं तोडायचं तर तोडा, असं टांगून कशाला ठेवता? तिने ओसरीवर तीन पानं मांडली आणि पहिली जागा मोकळी सोडली. भिंतीशी उभ्या पानाकडे बघणं तिने टाळलं. माणसं आली, पाय धुतले, पण बसेना कुणी. हर्षद पायरीशी घुटमळत होता. आता मिळणाऱ्या जागेकडेही त्याला धड बघवत नव्हतं.

दत्तात्रेय तांब्याभर पाणी प्याला. ओसरीच्या मधोमध उभा राहिला. आणि खाडीकडे पाठ करून, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून, त्याने सगळा आवाज लावला.

“पाणवड होऽऽ!”

केसरच्या हातातला डाव भाताच्या पातेल्यात तसाच राहिला. शिवानी तिच्याकडे बघत होती. भलतंच काहीतरी! असं कधी झालं होतं? बाईने कधी ओ दिली होती? तिला बापाचा आवाज आठवला, पाठोपाठ विनेशचा, ‘तिथं हाय कोण आता.’

“ओ,” ती म्हणाली.

फार मोठ्याने नाही. चिरकाच आवाज निघाला. तरी बाहेर बाबाजींनी कानामागचा हात काढला.

“आली,” ते म्हणाले.

“पण वहिनी भरडवाडीच्या,” हर्षद म्हणाला. त्याच्या आवाजात भांडण नव्हतं, कोडं होतं.

“सून भरडवाडीची. पोर कुठली?” बाबाजींनी विचारलं. “हिचा बाप माझ्या शेजारी जेवला हाय, बाबा. मला नको शिकवू.”

“म्हंजे खाजणी बाहेरच?”

खाजणीला बाहेर ठेवणं कुणालाच परवडणारं नव्हतं, आणि न्यायाचंही नव्हतं. पानं तर चारच.

दत्तात्रेयने डोक्यावरची टोपी काढून खुंटीला लावली. या ओसरीवर पाटलाचं पान म्हणजे त्याचा जीव होता. पाणीसुद्धा तो कधी स्वतः ओतून घेत नसे.

“हर्षद, तू माझ्या पानावर बस,” तो म्हणाला. “भरडवाडी वाढील.”

तो आत आला. केसरच्या हातातून डाव काढून घेताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

“विनेश येत न्हाय हे मला सकाळीच कळलं,” तो हळूच म्हणाला. “आधी मलाच फोन केलता त्यानं. जा, बस. माणसं खोळंबलीत.”

भिंतीशी उभं पान शिवानीने मांडलं. केसर बसली ती अवघडून, पाय कुठे घ्यावे न कळून, पदर दोनदा सावरून. इतक्या वर्षांत या ओसरीवर ती बसली अशी कधी नव्हतीच. कायम वाकलेली, वाढणारी. दत्तात्रेयने भात वाढला, तो बराचसा पानाबाहेर. बिरडं भातावर घालायचं ते त्याने गोड नारळी भातावर घातलं. कुणी हसलं नाही, बाबाजी सोडून.

तिने पहिला घास उचलला आणि मान वर केली. समोर थेट खाडी दिसत होती. खाडीपलीकडे पाणवडच्या देवळावरचा वड, आणि त्याच्या डाव्या अंगाला, झाडीत शिरलेलं, तिच्या माहेरच्या घराचं कौल. बाकी कुठल्याच पानावरून हे दिसलं नसतं, मध्ये खांब येत होता.

बाप जेवताना मान वर करून का बसायचा, ते तिला कधी कळलं नव्हतं.

“काय गं, घास का धरलायस?” बाबाजींनी विचारलं. “कमी-जास्त झालंय काय?”

“मीठ कमी पडलंय,” केसर म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला. “इतकी वर्षं कुणी बोलला न्हाय ते.”

दत्तात्रेय मीठ आणायला आत गेला. डबा कुठे असतो ते त्याला माहीत नव्हतं. बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज येत राहिला.