तळघरातला डावा पाय

मित्रांनो, मी एक जुना पाय आहे. दचकू नका, मी हाडामांसाचा नाही. मी प्लास्टरचा आहे आणि घोट्याच्या चार बोटं वर आलो की संपतो. डावा पाय. जन्मात एक पाऊल चाललो नाही. तरी अमेरिकेतल्या आयोवाच्या या मक्याच्या मुलखात माझं चित्र फ्रिजच्या दारावर लागलं नाही असं घर शोधावं लागेल.

माझा जन्म शिकागोच्या एका कारखान्यात झाला. कुठल्यातरी संगमरवरी पुतळ्याच्या पायावरून साचा घेतलेला होता. बाल्दो नावाचा म्हातारा कारागीर त्यात पांढरा रबडा ओतायचा. प्लास्टर घट्ट होताना आपोआप तापतं. साचा उघडल्यावर बाल्दोने माझ्या टाचेवर तळहात ठेवला आणि स्वतःशीच म्हणाला, "गरम आहे अजून." माझी पहिली आठवण तीच.

मग एका कला महाविद्यालयात माझी बरीच वर्षं गेली. मुलं माझ्यासमोर तासन् तास बसायची, माझ्या बोटांमधली सावली कोळशाने पकडायला धडपडायची. मग वारं फिरलं. पुतळे बघून चित्रं काढायचे दिवस गेले, असं ठरलं. हात, कान, नाकं, अख्खी मस्तकं, सगळ्यांना मागच्या अंगणात नेऊन टाकलं. वर बर्फ पडत होतं. त्या ढिगातून हेलेना ब्राउवर नावाच्या एका विद्यार्थिनीने मला उचललं, आपल्या ओव्हरकोटात गुंडाळलं आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसली.

शेजारच्या माणसाने कौतुकाने विचारलं, "बाळ का?"

"नाही. पाय."

तो गृहस्थ उठून पार मागच्या बाकावर जाऊन बसला.

पुढे गावी परतल्यावर हेलेनाच्या आईने मला दाराला अडसर म्हणून लावलं. मी पुष्कळ वर्षं ते दार धरून उभा होतो. हेलेनाची ब्राउवरबाई झाली, केस पिकले. आणि एक दिवस गावातल्या काही कुटुंबांनी ठरवलं, की आपल्या मुलांसाठी जुन्या वळणाची ख्रिस्ती शाळा काढायची. चर्चच्या तळघरात शाळा सुरू झाली. लहान वर्ग लॅटिनचे शब्द तालावर म्हणायचे, मोठे तर्कशास्त्रावर कडाकडा भांडायचे आणि सकाळी सगळी शाळा मिळून एकाच वेळी चार वेगळ्या सुरांत स्तोत्रं गायची. सूर लागत नाही म्हणून कुणाची सुटका नसे. चित्रकलेचंही तसंच.

"वाचायला सगळ्यांनी शिकायचं की फक्त हुशारांनी?" चित्रकला शिकवणाऱ्या ब्राउवरबाई विचारायच्या. "मग बघायलाही सगळ्यांनीच शिकायचं. देवाने एवढं करून ठेवलंय, निदान बघावं तरी माणसाने!"

मला स्टुलावर बसवलं. मागे काळं कापड, डावीकडे एक दिवा. पहिल्या तासाला बाई म्हणाल्या, "पेन्सिली खाली. आधी बघा."

जरा वेळाने गेरिट नावाचा चुळबुळ्या मुलगा म्हणाला, "बघितलं, बाई."

"काय बघितलंस?"

"पाय."

"कसा आहे?"

"पांढरा."

"कुठे पांढरा आहे? ये, दाखव."

गेरिट पुढे आला, माझ्यावर नाक टेकेल इतका वाकला. करडा सापडला, निळसर सापडला, टाचेखाली पिवळा सापडला. शेवटी त्याने अंगठ्यावरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "बाई, पांढरा एवढाच आहे! बाकी सगळा नुसता फसवतोय."

त्या तळघराला पावट्याच्या सुपाचा आणि ओल्या लोकरी हातमोज्यांचा वास यायचा. भिंतीपलीकडून गाण्याचा वर्ग ऐकू यायचा आणि अलीकडे पेन्सिलींची खसखस. मित्रांनो, आजही कुठे पेन्सिलीला टोक केल्याचा वास आला, की मी त्या स्टुलावर जाऊन बसतो.

पण पालकांपैकी सगळ्यांना हे पटत होतं असं नाही. डौव टेर्पस्ट्रा नावाचा एक धिप्पाड शेतकरी होता. गाई होत्या, मका होता. त्याची मुलगी माइके बाईंच्या वर्गात होती. लहानपणी डौवला चर्चच्या रविवारच्या शाळेत बाईंनीच शिकवलं होतं, त्यामुळे तो त्यांच्यापुढे टोपी काढायचा, पण जीभ आवरायचा नाही.

पालकसभेत तो म्हणाला, "राग मानू नका, बाई. लॅटिन ठीक आहे, डोक्याला धार येते. पण आख्खं सत्र एकच पाय? माझ्या गाईंना चार-चार आहेत. पोरगी त्यांच्याकडे बघेल, तर दूध तरी निघेल!"

सगळे हसले. बाईही हसल्या. "डौव, कळपातली कुठली गाय आजारी आहे, ते तुला कसं कळतं रे?"

"बघून."

"आणि तुझ्या शेजाऱ्याला का कळत नाही?"

"तो कुठे नीट बघतो!" डौव बोलून गेला, मग खिशातली पेपरमिंटची गोळी तोंडात टाकून म्हणाला, "तरीपण. वसंतातल्या सभेत मी हा तास बंद करायचं मांडणार आहे. आत्ताच सांगून ठेवतो."

मका काढणीच्या दिवसांत ते घडलं. दाणे कोठारात चढवणारं यंत्र अडकलं म्हणून डौव ते मोकळं करायला गेला, आणि फिरत्या दांड्याने त्याचा पाय आत ओढला. जीव वाचला. पाय गेला. डावा.

माइके काही दिवसांनी शाळेत आली. नेहमीच्या जागी बसली, कागद लावला, मान वर केली आणि समोर मी. दिव्याच्या उजेडात, घोट्याच्या वर कापलेला. तिच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. बाई पटकन पुढे आल्या, मागचं काळं कापड ओढून त्यांनी मला झाकलं आणि उचलून कपाटात ठेवलं. माझ्या जागी एक सफरचंद आलं. मी नुसता प्लास्टरचा, पण त्या दिवशी मला माझ्या असण्याची लाज वाटली.

कपाटात मी नाताळची गाणी ऐकली. एकदा माइकेच्या आईचा आवाजही ऐकला. ती बाईंना सांगत होती, "खुर्चीत बसून असतो नुसता. बोलत नाही. आणि नसलेला पाय दुखतो म्हणतो. बोटं आवळल्यासारखी होतात म्हणे. नसलेली बोटं, बाई! त्यांना मी चोळू कुठे?"

बर्फ गुडघाभर असताना एका दुपारी डौव कुबड्यांवर खाली आला. बायकोने गाडीने आणलं होतं. माइकेला न्यायचं होतं आणि तिचा गाण्याचा तास संपायचा होता. बाई त्याच वेळी कपाटातून कागद काढत होत्या. दार उघडं, कापड घसरलेलं. डौवने मला बघितलं.

बाईंनी दार लोटायला घेतलं.

"राहू द्या," तो म्हणाला. बराच वेळ बघत राहिला. "डावा आहे?"

"डावा."

"बघा म्हणजे! मी घरी पाय गेला म्हणून रडत बसलोय आणि हे साहेब इथे कपाटात लपलेत!"

तो हसला. मोठ्याने हसला. हसता हसता आवाज फाटला आणि त्याने तोंडावर हात घेतला. बाईंनी काही समजावलं नाही. त्यांनी मला उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं.

माझ्या एकेका बोटावरून अंगठा फिरवत तो हळू म्हणाला, "बाई, खरं सांगू? माझा कसा होता, तेच आठवत नाही मला. जन्मभर बूट घातला आणि काढला. बघितला कधी?"

"अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब होतं, बाबा."

माइके दारात उभी होती. कधी आली ते कुणालाच कळलं नव्हतं.

"होतं?"

"उजव्याचं तरी आहे. बूट काढा."

"अगं, मोजा फाटका आहे..."

"असू दे. काढा."

एवढा धिप्पाड माणूस, मुकाट्याने वाकला. बाई कोट टांगायच्या खोलीतला आरसा घेऊन आल्या आणि त्यांनी तो डौवच्या उजव्या पायाला लागून उभा केला. आरशात एक डावा पाय दिसू लागला. माइकेने कागद लावला. बाईंनी दिवा सरकवला, मला तिच्या शेजारी स्टुलावर ठेवलं आणि त्या नुसत्या मागे उभ्या राहिल्या.

ते चित्र एका दुपारचं नव्हतं. हिवाळाभर डौव दर गुरुवारी यायचा.

"हलू का जरा?"

"नको."

"खाज आली तर?"

"सोसायची."

"ही आईवर गेलीय, बाई," डौव कुरकुरायचा.

नखाचा कोपरा, टाचेची भेग, शिरेची उंची, माइके एकेक बघत होती. अडली की माझ्याकडे वळायची, माझ्यावर सावली कशी वळते ते पाहायची आणि पुन्हा बापाच्या पायाकडे जायची. डौवही आरशात बघत बसायचा. आणि एका गुरुवारी तो एकदम म्हणाला, "थांब! करंगळीचं नख असं नव्हतं. त्याच्यावर बर्था गाईने पाय दिला होता. वाकडं होतं ते, बाहेरच्या बाजूला. आणि इथे, इथे एक कुरूप होतं." त्याला आठवत होतं. माइकेने खोडलं आणि पुन्हा काढलं. आरशात नसलेलं नख कागदावर उमटलं.

चित्र पुरं झालं तेव्हा त्याने ते दोन्ही हातांत धरलं. माइके त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"हाच," तो म्हणाला. एवढंच.

नसलेला पाय त्यानंतर दुखायचा थांबला, असं मी म्हणणार नाही. पण माइके बाईंना सांगायची, की दुखायला लागला की बाबा ते चित्र समोर घेऊन बसतात आणि बोटं सैल सोडतात.

वसंतातली सभा आली. तास बंद करण्याची गोष्ट या वेळी दुसऱ्याच कुणी काढली. डौव नव्या लाकडी पायावर टकटक करत उठला. "चित्रकलेच्या तासाला हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे," तो म्हणाला. "आणि एका पायाच्या माणसाशी भांडणारा चारचौघांत बरा दिसत नाही. विचार करा." कुणीच विचार करायला वेळ घेतला नाही.

दिवस गेले. ब्राउवरबाई गेल्या; त्यांच्या अंत्यविधीला सगळी शाळा चार सुरांत गायली. शाळा टेकडीवरच्या नव्या इमारतीत गेली. सामान हलवताना माझी करंगळी तुटली आणि नाताळच्या नाटकातल्या मेंढ्यांच्या कातड्यांखाली मी कितीतरी वर्षं पडून राहिलो. माइके चित्रकार झाली नाही. ती बापाचा गोठा चालवते, आणि कळपातली आजारी गाय सगळ्यांच्या आधी तिला दिसते, असं ऐकतो.

गेल्या वर्षी एका नव्या शिक्षिकेला मी सापडलो. तिने ओल्या फडक्याने मला पुसलं आणि खिडकीत ठेवलं. आता माझ्यासमोर पुन्हा मुलं बसतात. त्या खिडकीत सकाळचं ऊन टाचेवर येतं, ते मला आवडतं.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटातही माझ्यासारखं कुणीतरी असेल. भाता फाटलेला हार्मोनियम, फुटका पुतळा, तारा गेलेला तंबोरा. त्यांना बाहेर काढा, उजेडात ठेवा. त्यांच्यात अजून शिकवणं शिल्लक आहे. आणि एक मागणं माझ्यासाठी. मी ऐकलंय, तुमच्याकडे थोरांच्या पाया पडायची रीत आहे. छान आहे. पण तुम्ही घाईने वाकता, हात लावता आणि उठता. पुढच्या वेळी वाकलात, की क्षणभर तिथेच थांबा. आईचे पाय कसे आहेत, ते एकदा नीट बघून घ्या.